खेड्यातलं घर, दुपारी एकट्या सासूबाई, बजेट आठ हजार: अलार्म घ्यावा की कॅमेरे?

मुक्कामी_गाडी (दारव्हा तालुका, यवतमाळ)

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहिते आहे. अर्धवट माहितीवर सल्ला मागितला तर सल्लाही अर्धवटच भेटतो, म्हणून सगळं सांगते.

आमचं घर गावाच्या शेवटच्या ओळीत आहे. पुढच्या दोन खोल्या स्लॅबच्या. मागचं माजघर आणि सैपाकघर सासऱ्यांच्या वेळचं: मातीच्या भिंती, वर कवेलू (कौलं). त्यामागे सांदवाडी (मागचं अंगण), न्हाणी, गोठा, आणि गोठ्याला लागूनच पऱ्हाटीचं (कपाशीचं) वावर. मागून कोणी आलं तर उभ्या पऱ्हाटीत माणूस दिसत नाही. नवरा एसटीत ड्रायव्हर आहेत, आठवड्यातल्या तीन रात्री मुक्कामी गाडीवर असतात. घरात मी, सासूबाई (वय ७६, डाव्या कानाने ऐकू येत नाही) आणि दहावीतला मुलगा. मुलगी अमरावतीला शिकते.

सध्या वेचणी सुरू आहे. नऊ वाजता मी बायांसोबत वावरात जाते ती पाच वाजता कापूस मोजून घेऊनच परत येते. समोरच्या खोलीत कमरेच्या वर कापूस आहे. यंदा (२०२५-२६ च्या हंगामात) लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० आहे, त्यामुळे खेडा खरेदीवाल्याला कमी भावात द्यायचं मन होत नाही. हमीभावाने विकायला सरकारी ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी केली आहे, नंबर लागेपर्यंत कापूस घरातच राहणार. शिवाय सोयाबीनचे अठरा कट्टे आहेत.

मागच्या महिन्यात आमच्याच ओळीतलं तिसरं घर फुटलं. भर दुपारी, साडेबारा ते तीनच्या मधात. पुढच्या दाराचं कुलूप जसंच्या तसं होतं. मागच्या उताराचे सात-आठ कवेलू काढून बाजूला नीट रचून ठेवले होते. चोर वरून आत उतरला, पेटी फोडली, सोयाबीनचे ४२ हजार आणि बाईची पोत घेऊन मागच्या दाराची आतली कडी काढून आरामात निघून गेला. कुत्रं भुंकलंच असेल, पण ऐकायला ओळीत कोणी नव्हतं. सगळेच वेचणीवर. ती बाई अजूनही वावरातून दुपारी दोनदा घरी चक्कर मारते. तिची अर्धी मजुरी त्यात जाते.

तेव्हापासून मला झोप नाही. तालुक्याच्या एका दुकानदाराने घर पाहून चार कॅमेरे, डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा), हार्डडिस्क आणि फिटिंग मिळून २३,५०० सांगितले. तेवढे माझ्याकडे नाहीत. आठ हजार आहेत, ताण देऊन नऊ. गेल्या वर्षी ऑनलाइन ६९९ रुपयांचा एक दाराचा सायरन घेतला होता. जुलैत पावसाने दार फुगलं, नीट बसेना, आणि तो रात्री-बेरात्री वाजू लागला. शेवटी सासूबाईंनीच त्याचे सेल काढून ठेवले. तो पैसा गेला, तसा आता जाऊ द्यायचा नाही.

लाइनचं (विजेचं) सांगायचं तर दिवसातून दोन-तीनदा जाते, कधी दहा मिनिटं, कधी चार तास. घरी वायफाय नाही, मोबाइलचंच नेट. वावरात फोन लागतो, पण धुऱ्याच्या (बांधाच्या) एका कोपऱ्यात लागत नाही.

तुम्ही माझ्या जागी असता तर आठ हजारांत आधी काय केलं असतं?

वायरिंगवाला_हिंगणघाट

ताई, तुम्ही घराचं इतकं नीट सांगितलं की सल्ला देणं सोपं झालं. मी पंधरा वर्षं घरांचं वायरिंग करतो, त्यातली सात-आठ वर्षं कॅमेरे आणि अलार्मही बसवतो. कॅमेरे विकून मला जास्त पैसे भेटतात, तरीही सांगतो: तुमच्या घरी चार कॅमेरे आत्ता नका घेऊ.

कॅमेरा चोराला अडवत नाही, कोणाला बोलवतही नाही. चोरी झाल्यावर काय झालं ते दाखवतो, तेही लाइन असेल तर. हिशोब करा. चार कॅमेरे आणि डीव्हीआर मिळून तीस-पस्तीस वॅट खातात. दुकानदार सोबत जी छोटी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी देतो तिच्यात ८४ वॅट-तास असतात, म्हणजे जेमतेम दोन तास. तुमची लाइन चार तास जाते. उलट सिमकार्डवर चालणारं अलार्मचं पॅनल, म्हणजे सेन्सर जागा झाला की सायरन वाजवून फोन करणारा डबा, शांत बसलेलं असताना शंभर मिलीअँपिअरच्या आतच घेतं. तीच बॅटरी त्याला दोन-तीन दिवस पुरते. आपल्या लाइनच्या हिशोबाने हा फरक सगळ्यात मोठा आहे.

पण पॅनलच्याही आधी दार. ज्या दाराला आतून आडवी आगळ नाही, नुसती वरची कडी आहे, ते दार एका पहारीचं काम आहे. मागच्या दाराला आतून लोखंडी आगळ करून घ्या. दोन्ही बाजूंच्या भिंती मातीच्या असतील तर कोयंडे भिंतीत ठोकू नका, चौकटीला आरपार नट-बोल्टने कसा. आणि आगळीला आतूनच कुलूप लावता येईल अशी कडी ठेवा. तुमच्या शेजारच्या घरी चोर छतातून आला, पण गेला दारातून. बाहेर पडायला सोपी वाट नसेल तर कट्टा खांद्यावर घेऊन कोणी कवेलूवर चढत नाही. गावातला वेल्डिंगवाला हजार-पंधराशेत करून देईल.

मग सिमवालं पॅनल. हे घेताना लोक तीन ठिकाणी फसतात, तिथे थोडं थांबून लिहितो.

पहिलं, सिम. स्वस्तातले बरेच पॅनल २जीवर चालतात. जिओचं नेटवर्क ४जी-५जीचं आहे, त्यात २जी नाही, म्हणून ते सिम अशा पॅनलमध्ये लागतच नाही. लोक घरातलं जास्तीचं सिम टाकतात, लाल दिवा लुकलुकत राहतो, आणि मग यंत्र खराब म्हणून परत करतात. एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल यांचं २जी आहे. तुमच्या गावात कोणाचं लागतं ते असं पाहा: साधा बटणाचा फोन घ्या, सिम टाका, पॅनल ज्या भिंतीवर लावायचं तिथेच उभं राहून फोन करा. अंगणात रेंज आहे म्हणजे माजघरात असेलच असं नाही. आणि रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुदत संपली की सिमवरून फोन जाणार नाही, आणि पॅनल तुम्हाला तसं सांगणारही नाही.

दुसरं, दाराचा चुंबकवाला सेन्सर. एक तुकडा चौकटीवर, दुसरा पल्ल्यावर, दोघांत सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच्या वर फट पडली की तो वाजतो. जुनं सागवानी दार पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. तुमचा ६९९चा सायरन बहुतेक याचमुळे वाजत होता. तुकडे बिजागरीच्या बाजूला कधीच लावायचे नाहीत, उघडणाऱ्या कडेला वर लावायचे. चौकट आणि पल्ला एका पातळीत नसेल तर खाली लाकडी पट्टी देऊन समोरासमोर आणायचे. दोन तरफी टेप नको, उन्हाळ्यात गळून पडतो, स्क्रूच मारा.

तिसरं, हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर. त्याला माणूस कळत नाही. अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतला फरक सरकताना दिसला की तो जागा होतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कवेलूखालची किंवा टिनाखालची खोली रात्री उशिरापर्यंत ३४-३५ अंशांवर असते, कातडीचं तापमानही तेवढंच. तेव्हा तो आंधळ्यासारखा होतो. त्याच्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका. आणि कूलरच्या वाऱ्याने हलणारा पडदा त्याच्यासमोर नको. सासूबाई घरात असतात, म्हणून दिवसा तो सेन्सर बंद आणि दारांचे सेन्सर चालू, अशी सोय पॅनलमध्ये असते. ‘घरी’ आणि ‘बाहेर’ असे दोन प्रकार असतात, घेताना विचारा.

पॅनल, दोन दारांचे सेन्सर, एक पीआयआर, दोन रिमोट, छोटा सायरन असा संच आमच्याकडे साडेचार-पाच हजारांत येतो.

आणि कापसाच्या खोलीत काहीही लावू नका. ना अ‍ॅडॉप्टर, ना चार्जर, ना बॅटरी. एका स्वस्त अ‍ॅडॉप्टरने पेट घेतला तर चोर परवडला म्हणायची वेळ येईल. पॅनल माजघरात घ्या.

मुक्कामी_गाडी

दादा, मनापासून आभार. बटणाचा फोन सासूबाईंचाच आहे, उद्याच पाहते. कापसाच्या खोलीत तर माझा स्वतःचा फोन चार्जिंगला लावलेला असायचा, बोर्ड तिथेच जवळ आहे म्हणून. आत्ताच काढला.

पण कवेलूचं काय? दारं पक्की केली, दारांना सेन्सर लावले, तरी वरून उतरणारा दाराला हातही लावत नाही. आणि पीआयआर उन्हाळ्यात कामाचा नाही म्हणता. मागचं छत काढून टिन टाकायचं म्हटलं तर ते आणखी वेगळे चाळीस हजार.

धुऱ्यावरचा_माणूस (बाभुळगाव)

ताई, कवेलूचं म्या सांगतो, माह्या घरी करून पाह्यलेलं हाय.

आमच्याकडं डुकरं अन् रोही (नीलगायी) लय. वावरात झटका मशीन (कुंपणाच्या तारीत झटका सोडणारी) लावली हाय, तिले हूटर हाय. तार तुटली का हूटर वाजते अन् जागलीतला माणूस उठते. मले वाटलं, तारीच्या भरोश्यावर वावर राखतो तं घर काहून नाई राखू शकत? पण येथी एक गोष्ट आधीच सांगतो, हात जोडून सांगतो. झटक्याची तार घराले लावाची नाई. खिडकीले नाई, दाराले नाई, कंपाउंडलेबी नाई. अन् लाइनीचा करंट तं कोणत्याच तारीत सोडाचा नाई, ना घरी ना वावरात. दरसाली पेपरात येते, कोणाचं पोरगं गेलं, कोणाचा बैल गेला, कोणी सोताच चिकटला. मी सांगतो ते बॅटरीवरचं, हात लावला तरी काई होत नाई असं.

केसावानी बारीक तांब्याची तार घेतली, जळक्या मोटरीची वाइंडिंगची. रिवाइंडिंगवाल्याकडे फुकट भेटते. कवेलूच्या खालून, बल्लीवरून बल्लीवर, वीतभर अंतर ठेवून जाळ्यावानी फिरवली. एकच तार, सलग. दोन टोकं खाली आणली. जोवर तार साबूत हाय तोवर हूटर गप. चार कवेलू काढून माणूस खाली पाय टाकते तं तार तुटल्याबिगर राह्यतच नाई. तुटली का हूटर बोंबलते. मधात एक रिले (तार तुटली का हूटर चालू करणारा छोटा स्विच) लागते, ते आमच्या गावच्या मोटर मेकॅनिकनं बसवून देल्ली. १२ व्होल्टची बॅटरी, सोलरच्या छोट्या पाटीवर भरते. लाइनीचा संबंधच नाई.

तरास एकच, उंदरं. वाइंडिंगच्या तारीले उंदीर दात लावत नाई म्हणतात, पण लावते. सालातून दोनदा तार जोडा लागते. मांजर पाळा.

अन् सासूले घरी एकलं सोडू नका, दुपारी कोणीतरी येऊन बसाले पायजे. आमची बुडी शेजारच्या बुडीसंगं दाळ निवडत बसते, दोघीचंबी होते.

वायरिंगवाला_हिंगणघाट

भाऊंनी सांगितलेलं अगदी बरोबर आहे, आणि ताईंच्या पॅनललाही ते जोडता येतं. पॅनल घेताना पाठीमागे ‘वायर्ड झोन’चे, म्हणजे तारेने सेन्सर जोडायचे, स्क्रू आहेत का ते पाहूनच घ्या. सगळ्यात नसतात. त्या झोनला ‘नॉर्मली क्लोज’ (तार जोडलेली असेल तोवर गप) केलं की कवेलूखालच्या तारेची दोन टोकं सरळ तिथे जातात. मग तार तुटली की नुसता हूटर वाजणार नाही, पॅनल तुमच्या फोनवरही फोन करेल. वेगळी रिले, वेगळी बॅटरी, काही नको.

मोठा हूटर लावायचा असेल तर मात्र तो सरळ पॅनलच्या सायरनच्या टोकाला जोडू नका. झटका मशीनवाले हूटर जास्त करंट ओढतात, पॅनलचा आतला भाग जळतो. तिथे रिले मधात पाहिजेच. तीस-चाळीस रुपयांची असते.

विजेच्या दिवसांचंही सांगून ठेवतो. आपल्याकडे जूनच्या पहिल्या पावसात ढग-गर्जना जोरात असते. घरापासून गोठ्यापर्यंत लांब वायर ओढली असेल तर वीज जवळ पडली तरी त्या वायरीतून झटका येतो आणि यंत्र जातं. आभाळ गडगडू लागलं की अ‍ॅडॉप्टर बोर्डातून काढा, पॅनल बॅटरीवर चालू राहील. आणि अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी टाकत जा. काळ्या मातीला भेगा पडल्या की सळईचा आणि मातीचा संबंधच सुटतो.

निवृत्त_जमादार (अकोला जिल्हा)

ताई, मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो. ग्रामीण ठाण्यांतच नोकरी गेली. तांत्रिक गोष्टी या दोघांनी सांगितल्या, मी माणसांच्या सांगतो.

अलार्म वाजल्यावर कोण येणार हे आधी ठरवा. ठाणं तुमच्या गावापासून दहा-वीस किलोमीटर असेल. ११२ ला फोन जरूर करायचा, तो विनामूल्य आहे आणि गाडी निघते. पण पहिल्या पाच मिनिटांत येणार तो गावातलाच माणूस. पॅनलमध्ये पाच-सहा नंबर टाकता येतात. पहिला नंबर स्वतःचा टाकू नका. तुम्ही वावरात, त्यातही रेंज नसलेल्या कोपऱ्यात. पहिला नंबर अशा माणसाचा टाका जो दुपारी बारा ते चार गावातच असतो: किराणा दुकानवाला, शिंपी, सायकल दुरुस्तीवाला. दुसरा पोलीस पाटलांचा. तुमचा तिसरा, यजमानांचा चौथा. ते गाडी चालवत असतात, त्यांना फोन उचलता येणार नाही हे धरूनच चाला.

त्या लोकांना घरी बोलावून, चहा पाजून, एकदा खरोखर वाजवून दाखवा. नंबर अनोळखी म्हणून लोक उचलत नाहीत. त्यांच्या फोनमध्ये पॅनलचा नंबर तुमच्या नावाने सेव्ह करून द्या. आणि त्यांना सांगा, एकट्याने आत जायचं नाही. बाहेरून आवाज द्यायचा, चारजण जमले की मगच दाराशी जायचं. चोराच्या हातात पहार असते.

सासूबाईंबद्दल मला जास्त काळजी वाटते. दुपारी म्हातारी माणसं एकटी असतात तेव्हा कवेलू काढायची गरजच पडत नाही. भांडी चमकवून देतो, सोनं उजळून देतो म्हणून दोघं मोटरसायकलवर येतात. एक बोलत राहतो, दुसरा प्यायला पाणी मागतो. अशा कित्येक तक्रारी मी स्वतः लिहून घेतल्या आहेत. त्या आजी रडत नसत, ‘मीच दिलं हो हातानं’ एवढंच म्हणत. रिमोटवर जे तातडीचं बटण असतं ते अलार्म बंद असतानाही चालतं. तो एक रिमोट सासूबाईंच्या गळ्यात दोरीने राहू द्या. आणि अंगावरचं सोनं कमी करा. बँकेचं लॉकर मिळत असेल तर घ्या. १ जानेवारी २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की लॉकरमधला माल आग, चोरी, दरोडा किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याची अफरातफर यांमुळे गेला तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभर पट इतकी. म्हणजे पूर्ण किंमत भेटेलच असं नाही, तरी पेटीपेक्षा ते बरं.

दागिन्यांचे फोटो आजच काढा. पावत्या असतील तर त्यांचेही. सोबत एखादी वस्तू मापाला ठेवून काढा. माल सापडला तरी तो आपलाच आहे हे ओळखून द्यावं लागतं, आणि तिथे बाया नुसतं ‘माझी पोत’ एवढंच सांगतात.

देव न करो, पण काही झालंच तर आत पाय ठेवू नका, काही उचलून ठेवू नका. ठसे घेणारे येईपर्यंत घर तसंच राहू द्या. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते, हद्द कोणाची हा प्रश्न आड येत नाही, आणि एफआयआरची प्रत फुकट भेटते. ती मागून घ्या. राहत्या घरातली चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये येते, शिक्षा सात वर्षांपर्यंत.

पुढे कधी कॅमेरा घेतलाच तर तो रस्त्याकडे आणि आपल्या दाराकडे असू द्या. खेड्यात न्हाण्या उघड्यावर असतात. शेजारच्या सांदवाडीकडे तोंड असलेला कॅमेरा मी स्वतः जाऊन फिरवायला लावला आहे, दोन घरांत काठ्या निघता निघता राहिल्या.

मुक्कामी_गाडी

काका, तुमचं लिहिलेलं सासूबाईंना वाचून दाखवलं. सोनं उजळणाऱ्यांचं ऐकून त्या म्हणाल्या, ‘असे दोघं दिवाळीआधी आले होते, मी म्हटलं सून घरी नाई.’ मला हे आजवर माहीतच नव्हतं. ‘घरी कोणी नाही’ हे अनोळखी माणसाला सांगायचं नाही, ‘मुलगा आत निजला आहे’ म्हणायचं, हे आता दोन दिवस घोकून घेते आहे.

एक विचारायचं होतं. मुलगा म्हणतो की सिमचा एकच कॅमेरा घेऊ, मोबाइलवर वावरातून घर पाहता येईल. ते कसं राहील?

वायरिंगवाला_हिंगणघाट

एकच घ्यायचा तर पुढल्या वर्षी घ्या, आधी हे होऊ द्या. ४जी सिमचा कॅमेरा सतत पाहत बसलात तर तासाला अर्धा जीबीच्या आसपास नेट जातं, त्याचं रिचार्ज वेगळं. बघायचंच असेल तर अलार्मचा फोन आल्यावर दोन मिनिटं बघायचं, तेवढ्याला पुरतं. आत ६४ जीबीचं कार्ड टाकलं तर पाच-सात दिवसांचं साठतं, मग जुनं पुसून नवं.

रात्रीच्या लाल दिव्यांवर किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि जाळं लेन्ससमोर हललं की मोबाइलवर रात्रभर सूचना. आठवड्यातून एकदा फडकं मारावं लागतं. आधीचा पासवर्ड बदलायचा विसरू नका. आणि ९ एप्रिल २०२५ पासून देशात विकल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा-तपासणीची अट लागू झाली आहे, त्यामुळे खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक नसलेला जुना माल कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका.

मुक्कामी_गाडी (तीन आठवड्यांनी)

मंडळी, काम झालं, म्हणून सांगायला आले. हिशोब देते, दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल.

मागच्या दाराची आगळ आणि सैपाकघराच्या खिडकीला सळ्यांची जाळी मिळून २,२०० रुपये. वायर्ड झोनवालं पॅनल संचासकट ४,७००. हूटर आणि रिले ४५०. वायर, स्क्रू, लाकडी पट्ट्या २५०. माजघरात नवा पॉइंट काढायचे ३००. एकूण ७,९००. सिमचं रिचार्ज महिन्याचं वेगळं, तारीख देवघराजवळच्या कॅलेंडरवर लिहिली आहे. कवेलूखालची तार दारव्ह्याच्या रिवाइंडिंगवाल्याने खरंच फुकट दिली. ती फिरवायला मुलाचा आणि माझा पूर्ण रविवार गेला. दोनदा तुटली, दोनदा जोडली.

आमच्या घरात दोन सिमांचं २जी लागतच नव्हतं. तिसरं लागलं, तेही माजघराच्या पूर्वेच्या भिंतीवरच, म्हणून पॅनल तिथे लावलं. बटणाच्या फोनची युक्ती नसती तर मी चुकीचंच सिम घेतलं असतं.

पहिला नंबर किराणा दुकानवाल्या काकूंचा टाकला. जमादार काकांनी सांगितलं तसं सगळ्यांना बोलावून, पोहे करून, वाजवून दाखवलं. ज्यांच्या घरी चोरी झाली ती बाईही आली होती. तिने हूटर ऐकला आणि काही न बोलता बराच वेळ कवेलूकडे पाहत राहिली. पुढच्या सोमवारपासून तिचाही नंबर आमच्या पॅनलमध्ये आहे. मुलगा तिच्या घरी तार ओढून देणार आहे. पॅनलला तिच्याकडे पैसे नाहीत, म्हणून धुऱ्यावरच्या भाऊंसारखं नुसतं रिले आणि हूटरवरच करणार.

एकदा खोटा वाजला. रात्री पावणेतीनला, यजमान मुक्कामी होते. बोक्याने कवेलूवरून उडी मारली, एक कवेलू सरकून खाली आलं आणि तार तुटली. मी खिडकीतून पाहिलं तेव्हा अंगणात पाच जण काठ्या घेऊन उभे होते. दुकानवाल्या काकू पायात चप्पल न घालता आल्या होत्या. मी सगळ्यांची माफी मागितली, तर पोलीस पाटील म्हणाले, ‘वाजलं तं समजलं ना का वाजते.’ यजमानांना सकाळी कळलं. त्यांनी डेपोतून फोन करून आधी विचारलं, ‘आई घाबरली का?’ आई उठल्याच नव्हत्या, उजवा कान उशीवर होता.

रिमोट सासूबाईंच्या गळ्यात आहे, तुळशीच्या माळेसोबत. पहिले चार दिवस काढून ठेवायच्या. आता अंघोळीला जाताना तेवढा काढतात आणि देवासमोर ठेवतात.

कापूस अजून घरातच आहे, नंबर यायचा आहे. दर शनिवारी दुपारी बारा वाजता मी वावरातून फोन करून काकूंना सांगते आणि मुलगा एकदा वाजवून पाहतो. धुऱ्याच्या ज्या कोपऱ्यात रेंज नाही तिकडची वेचणी सकाळी उरकून घेते, दुपारच्या वेळी विहिरीच्या बाजूला असते.

दादा, एकच राहिलं. मार्चमध्ये दार आकसू लागलं की चुंबकाची फट वाढेल. तेव्हा पट्टी बदलायची की आत्ताच थोडी जाड लावून ठेवायची, तेवढं सांगा.